बोडखीचा गिअर

सौंसर,
रविवार, ११ ऑक्टोबर १९८७

प्रिय उत्तमभाऊ,

तुझ्या यमुनेचा जय भीम. सुमनवहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

‘ज्याच्या हाताले गाडीची कीव नाही, त्याच्या हाती म्या आपली बायको देल्ली.’

तेवीस वर्षं झाली. माय गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, अंगणात दहा-बारा माणसं बसलेली असताना बाबा तुला हे म्हणाले. तू चपला घातल्यास, पांढुर्ण्याला जाऊन रेल्वेत बसलास तो इटारसीलाच उतरलास. याची तुला आठवण करून द्यायची गरज नाही. पण पत्र कुठून तरी सुरू करायचं होतं, आणि चार कागद फाडून झाले आहेत.

इकडे ठीक आहे. आंबिया बहाराचं संत्रं उतरायला लागलं, बसस्टँडवर पेट्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही. कापूस वेचणीला आला म्हणून वर्गात निम्म्याच मुली असतात. सहामाहीच्या वह्या तपासून झाल्या. गठ्ठा घरी आणायला मुलीच मदत करतात. डावा खांदा जरा धरला आहे, एवढंच.

आपली बोडखी अजून आहे. खाणीचा साहेब देश सोडून जाताना आपल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे बाबांच्या, हातात किल्ली ठेवून गेला, तो दिवस आठवतो ना? दोनच सीटा, वर छप्पर नाही, म्हणून सारं सौंसर तिला बोडखी म्हणायचं. अजून म्हणतं. फरक एवढाच की आता ती मी चालवते. तू गेल्यावर दोन वर्षांनी बाबांनी एक दिवस आपणहून म्हटलं, ‘बस, यमे. उजव्या बाजूनं बस.’ तू होतास तेव्हा मी कितीदा मागे लागले होते, तेव्हा नाही म्हणाले. लोधीखेड्याच्या बाजाराला मी तिच्यातून जाते. लोक हसतात. हसू देत.

मार्चपासून मात्र ती उभी होती. तिच्या गिअरचा दांडा किती लांब जातो ते तुला माहीत आहे. पहिला आणि तिसरा टाकायचा तर हात पार पुढच्या फळीपर्यंत न्यावा लागतो. माझा आता जात नाही. मग मनात आलं, हात लांब होत नसेल तर दांडा जवळ आणावा.

कवडूकडे गेले. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, लोखंड कातायचं खराद मशीनही आहे. म्हणाला, “बाई, देऊन टाका ना आता ही गाडी कोनाले. काऊन जीव खाऊन राहिल्या तिच्यापायी?”

“तू दांडा आखूड करतो का नाही, ते सांग.”

“करतो ना. पण वरून नुसता कापून भागत नाही. वरून चार बोटं कापाचा, खालून इंचभर वाढवाचा, आन् तो ज्या गोळ्यावर डुलते, त्याची बैठक इंचभर उचलाची. मंग जिथं हात वीतभर जाते, तिथं चार बोटं जाईन.” मग माझ्या खांद्याकडे बघून म्हणाला, “पण जोर लागंन बरं. वाट कमी केली का जोर वाढते.”

“जोर आहे मला.”

“दिसून राह्यला ना.”

वात्रट आहे, पण काम सुबक करतो. दांडा काढून न्यायचा होता आणि नवा करून बसवायचा होता. तो म्हणाला, मी येऊन बसवून देतो. मी नको म्हटलं. बाबांच्या गाडीला दुसऱ्याचा हात नको, असं त्याला सांगितलं. ते खरं नव्हतं.

दोन रविवार लागले. सीट काढली, दांड्यावरचं रबर सोललं. खाली चार बोल्ट. तीन बाबांच्या पान्याने सुटले, चौथा काही केल्या हलेना. रात्रभर रॉकेलमध्ये भिजत ठेवला तेव्हा सकाळी सुटला. हे सगळं एका हातानं, कुशीवर पडून. डावा हात मी पदराने कमरेशी बांधून ठेवला होता, कारण तो मधेच मदतीला धावतो आणि मग चार दिवस ठणकतो.

झाकण उचललं. मी जे बघायला घाबरत होते ते तिथे नव्हतं. दांड्याची खिळी निसटू नये म्हणून घालतात ती कॉटर पिन नीट जागेवर होती. तिचा एक पाय वर दुमडलेला, एक खाली. तशी पिन फक्त बाबा दुमडत.

भाऊ, आता सांगते. तिथे माझ्या अंबाड्याचा आकडा असायला हवा होता.

माय आजारी पडली त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. तू आणि बाबा घरी नव्हतात. बाबा तुला गाडी शिकवत आणि मला हाकलत, म्हणून आत काय असतं ते बघायचं मनात होतं. मी दांडा उघडला. पाहिलं. परत बसवताना ती जुनी पिन सरळ केली तर तिचा पाय तुटून हातात आला. दुसरी पिन बाबांच्या पेटीत होती, पण पेटीला कुलूप. मी केसातला आकडा काढला. तोही दोन पायांचाच. आत घातला, पाय दुमडले. बसला. मला तर आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं.

तू आजारी मायला शेजारी बसवून नागपूरच्या दवाखान्यात न्यायला निघालास, तेव्हा मी फाटकाशी उभी होते. आकड्याची आठवण मला झाली होती. झाली नव्हती असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. झाली होती. वाटलं, टिकेल. आता थांबवलं तर मार खावा लागेल.

सावनेरच्या अलीकडच्या चढावर दांडा तुझ्या हातात सैल आला. गिअर अडकला. तू जोर लावलास. कुणीही लावला असता. माय तिथेच रस्त्याच्या कडेला, बसची वाट बघता बघता गेली. बाबांनी तुटका गिअर पाहिला आणि तुझा हात दोषी ठरवला, आणि मी आत चुलीपुढे बसून ते ऐकलं.

तो तुझा हात नव्हता, भाऊ. तो माझा होता.

गेल्या रविवारी मी बाबांची हत्यारांची पेटी तळापर्यंत उपसली. पिनांच्या डबीत, फडक्यात बांधलेले, आकड्याचे दोन तुकडे सापडले. म्हणजे तू गेल्यावर गाडी दुरुस्त करताना त्यांना कळलं होतं. त्यानंतर आम्ही दोघं एका घरात चौदा वर्षं राहिलो. मी भाकरी वाढायचे, ते जेवायचे. त्यांनी मला कधी विचारलं नाही. तुला कधी बोलावलं नाही. आपल्या तोंडचं वाक्य परत कसं घ्यायचं ते त्यांना आलं नसावं.

शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, “उत्तमले कागद टाक.”

“काय लिहू, बाबा?”

“तुले मालूम आहे.”

मला वाटलं, दुखणं कळवायला सांगतात. मी तब्येतीचं कार्ड टाकलं. मग तार केली. तू आला नाहीस. बरोबरच केलंस.

वहिनींनी एकदा लिहिलं होतं, तू अजून सायकलनेच कामावर जातोस. साहेबांनी जीपची किल्ली दिली तर तशीच परत केलीस. ते पत्र मी गादीखाली ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. हेही तुला माहीत असू दे. मी अजाण नव्हते.

आकड्याचे तुकडे पाकिटात घातले आहेत. उघडताना बोटाला लागेल, जपून.

आता खांद्याचं. मार्चमध्ये मी नागपूरला मोठ्या दवाखान्यात होते. डाव्या बाजूचं काढलं. बाईच्या जातीला जे होतं तेच. कुणाला कळवलं नाही. शाळेत हर्नियाचं सांगितलं. आता काखेत पुन्हा गाठ आली आहे. दिवाळीनंतरच्या सोमवारी, सव्वीस तारखेला, भरती व्हायचंय. डॉक्टर चांगले आहेत, पण या वेळी ते फारसं बोलले नाहीत. आजारी म्हणून तू माफ करावंस, यासाठी हे लिहीत नाही. तसं वाटलं तर हा परिच्छेद सोडून दे.

बसने जाता येईल. पण मला बोडखीने जायचंय. मायला घेऊन ती जिथे थांबली, तिथून पुढे ती कधी गेलीच नाही. बाबाही तो चढ टाळून नागपूरला बसने जात.

नवा दांडा बसला आहे. काल फिरवून आणली. पहिला पडतो, दुसरा पडतो. कवडूचं खरं निघालं, हात चार बोटंच जातो, पण तिसऱ्याला माझा सगळा जीव लागतो. सपाटीवर एकदा पडला. चढावर पडणार नाही. मी फार थकले आहे, भाऊ, आणि हे मी दुसऱ्या कुणाला म्हणालेले नाही.

तू नागपूरला जाताना पांढुर्णं आलं की डोळे मिटून बसतोस, असं वहिनी म्हणतात. पंचवीस तारखेच्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरला मी स्टेशनबाहेर गाडी घेऊन उभी असेन. तू उतरणार नाहीस, हे गृहीत धरूनच उभी असेन. दुपारपर्यंत थांबून परत फिरेन.

तू गाडी चालव, असं म्हणत नाही. डावीकडच्या सीटवर बस, जिथे माय बसली होती. तिथून उजवा हात दांड्यावर सहज येतो. बाबा तुला आधी तसंच शिकवत. स्टिअरिंगवर ते, दांड्यावर तू, आणि मी फाटकावर चढून बघत असायचे. त्या चढावर, फक्त तेवढ्या चढावर, क्लच मी दाबीन. गिअर तू टाकशील?

तुझी,
यमी