निळ्या गाडीपाशी मारलेली हाक

भैया,

काल गाडी घरी धुतली. एरवी ती चौकातल्या वॉशिंगवाल्याकडे जाते, तिथे तिला फेसाची आंघोळ घालतात आणि अर्ध्या तासात चकाचक करून देतात. काल पोरीनं हट्ट धरला म्हणून बादल्या काढल्या, आणि त्या पाण्यात माझं सगळं वर आलं. हा वरचा एक शब्द लिहायलासुद्धा किती वेळ लागला म्हणून सांगू. वीस वर्षं होत आली, मी कोणालाच भैया म्हटलेलं नाही. रायपुरात राहून! इथे भाजीवाला भैया, ऑटोवाला भैया, पंक्चरवाला भैया, आणि मी गोल बाजारात 'सुनिए, सुनिए' करत उभी राहते, तोवर दुकानदार चार बायकांना कापड फाडून देऊन मोकळा होतो. लोकांना वाटतं, बाई फार अदबीची आहे. अदब कसली डोंबलाची! लाज आहे ती.

तुम्हाला ही हाक माझ्याकडून कशी चिकटली ते तुम्हीच सांगायचात. घरात तीन धाकटे काका, तिघेही तुम्हाला भैया म्हणायचे, मी बोलायला लागले तेव्हा मीही तेच म्हटलं. आईनं 'बाबा म्हण, बाबा' करून जीव टाकला. तुम्ही हसून म्हणायचात, "राहू दे ना वं, हाक मारते ना, बस झालं." काका आपापल्या नोकऱ्यांवर नागपूर, अमरावतीकडे पांगले, हाक मात्र माझ्याजवळ राहिली. घरात त्या शब्दाचा एकच अर्थ होता. फाटकाबाहेर त्याचा दुसरा अर्थ होता, आणि मी त्या दोन अर्थांच्या मधल्या जागेत लपले. ते कसं, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिथेच होतात.

राज्य नवं झालं आणि रायपूर त्याची राजधानी झाली तेव्हा तुम्ही रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं. तीस वर्षं तुम्ही सरकारी गाडी चालवली, साहेब बदलले, जीपची ॲम्बेसेडर झाली, पण सकाळी उठून आधी गाडी पुसायची हे बदललं नाही. मग आपल्या गावात भोपाळहून साहेबांच्या झुंडी उतरल्या, जुन्या बंगल्यांना रंग लागले, शाळेच्या इमारतींवर खात्यांच्या पाट्या लागल्या. तुम्ही पेपर वाचून म्हणायचात, "आता इतक्या गाड्या आल्या, अन् मी घरी बसून राहिलो." त्याच नव्या दफ्तरांपैकी एकात मी परीक्षा देऊन अधिकारी लागले. आई ते पाहायला नव्हती. तुम्ही निकालाचा पेपर घेऊन सगळ्या पाऱ्यात घरोघर फिरून आलात, चप्पल न घालता. आपण दोघं सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो. आजूबाजूला सगळे अधिकारी. पहिल्याच वर्षी मी गाडी घेतली, छोटी, गर्द निळी. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत आणि नाक मुरडलंत. "पांढरी घ्याची ना वं. निळा रंग लय चुगलखोर रायते, सारं दाखवते."

आणि दर रविवारी धुणं. तुमचं ते धुणं मला आजही पायरीपायरीनं पाठ आहे. आधी नळाला पाइप लावून नुसतं पाणी, छपरापासून खाली. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची काळी भुकटी रातोरात गाडीवर बसायची, बोटानं चोळली तर कचकच लागायची. ती पाण्यानं पूर्ण वाहून गेल्याशिवाय कपड्याला हात लावायचा नाही. मग दोन बादल्या, एक साबणाची, एक कपडा पिळायची. चाकांना तुमचा जुना बनियान, आणि अंगाला आईच्या सुती पातळाचा तुकडा. तो तुकडा चाकाला लागलेला तुम्हाला चालायचा नाही, त्यासाठी वेगळी खुंटी होती. काचांना पेपर. एसीच्या फटींना माझा जुना टूथब्रश. शेवटी पॉलिशच्या डबीत बोट बुडवून, डोळे बारीक करून, गाडीच्या पोटाशी उकिडवे बसायचात तेव्हा हाक मारली तरी ऐकू जायची नाही.

एकदा मला घाई होती. बॉनेटवर धूळ दिसली, तो पातळाचा तुकडा घेतला आणि कोरडाच सर्र फिरवला. तुम्ही घरातून धावत आलात. "काहून वं! डोळे फुटले काय तुहे? कोरडा कपडा मारते काय कोणी?" उन्हात वाकवून माझं डोकं बॉनेटजवळ नेलंत आणि दाखवलंत, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक बारीक ओरखडे. मीही चिडले. पंचवीस वर्षांची अधिकारी बाई, आणि अख्ख्या कॉलनीसमोर बाप ओरडतो! ओरडतो तोही असल्या बोलीत. मी दात आवळून म्हटलं, "धीरे बोलिए ना." त्या दिवशी पहिल्यांदा मी तुमच्याशी हिंदीत बोलले. तुम्ही दुपारभर बसून ते ओरखडे बोटानं घालवलेत. आणि माझं मात्र तेव्हापासून ठरूनच गेलं, दाराच्या आत मराठी, दाराबाहेर हिंदी. मी कधी तसं म्हटलं नाही, पण तुम्हाला कळायला काय वेळ लागणार होता?

आता तो रविवार. सकाळचे नऊ-साडेनऊ झालेत. मी ओट्याशी पोह्यांना फोडणी देऊन बाहेर आलेय. तुम्ही पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अंगात बनियान, पाइप जमिनीवर पडलेला, आणि पाणी फाटकाखालून रस्त्यावर चाललेलं. शेजारचे साहेब पाण्यावरून कुरकुरायचे म्हणून मी पायरीवरूनच ओरडते, "भैया, नल बंद कर दो! पानी बाहर जा रहा है!" आणि नेमकी त्याच क्षणी फाटकापाशी गाडी थांबते. आमच्या मॅडम. भोपाळहून आलेल्या, माझ्या साहेब, ज्यांच्या हातात माझा प्रोबेशनचा कागद होता. न कळवता आल्या होत्या, क्वार्टर बघायला. उतरता उतरता त्या माझ्या निळ्या गाडीकडे बघतात. "अरे वाह, क्या चमकाई है! आदमी तो अच्छा मिला है तुमको." आणि मग तुमच्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, वाईट बाई नव्हती ती, "भैया, ज़रा हमारी भी देख लेना, हाँ?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तेवढ्या वेळात मला एक वाक्य म्हणायचं होतं. हे माझे वडील आहेत. मराठीत म्हणा, हिंदीत म्हणा, पाच-सहा शब्द. मी म्हटलं, "आइए ना मैडम, अंदर बैठिए."

"हव," असं तुम्ही म्हणालात. त्यांना.

मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला कित्येक वर्षं समजावलं. मी तर रोजचीच हाक मारली होती ना! चूक त्यांनी केली. पण मग आत काय झालं? मी पोहे दिले, वर बारीक शेव, चहा. खिडकी उघडी. बाहेर पाण्याचा आवाज, मग कपडा पिळल्याचा, मग काचेवर पेपर घासल्याचा. मॅडम विचारतात, "अकेली रहती हो यहाँ?" मी म्हणते, "नहीं, पिताजी साथ रहते हैं." "अच्छा! कहाँ हैं?" आणि भैया, मी म्हणते, "बाहर हैं." खिडकीकडे न बघता. त्यांना वाटलं बाहेरगावी गेलेत. मी त्यांना तसं वाटू दिलं. शब्द खरा होता, तुम्ही बाहेरच होतात, खिडकीपासून चार हातांवर. बाहेरचा कपड्याचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. तेवढं थांबणं माझ्या कानात अजून आहे.

मॅडम निघाल्या तेव्हा तुम्ही त्यांच्या गाडीचं दार उघडून उभे होतात, तीस वर्षं उभे राहिलात तसे, किंचित वाकून. "बहुत बढ़िया, भैया! हर इतवार आ जाया करो हमारे यहाँ." तुम्ही मान खाली घातलीत आणि माझ्याकडे हात करून म्हणालात, "हमारी मैडम से पूछ लीजिए."

मी हसले. हे लिहिताना तोंड लपवावंसं वाटतं, पण मी हसले, आणि म्हटलं, "हाँ हाँ, देखते हैं."

गाडी गेल्यावर तुम्ही पाइप गुंडाळलात, आईचा तुकडा धुऊन खुंटीला लावलात, हातपाय धुऊन आत आलात. पोहे गार झाले होते. मी गरम करते म्हटलं तर नको म्हणालात. दोन घास खाल्लेत आणि म्हणालात, "तिच्या गाडीले कोणीतरी कोरडा कपडा मारून राहिलं. साऱ्या अंगावर ओरखडे हायेत." बस. त्यापलीकडे त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही, शेवटपर्यंत नाही. ओरडला असतात तर बरं झालं असतं. कोरड्या कपड्यासाठी अख्खी कॉलनी गोळा केली होतीत, मग यासाठी काहून नाही ओरडलात?

दुसऱ्या रविवारी मी उठले तर गाडी धुऊन, पुसून उभी. नुकतं उजाडत होतं, कॉलनीत चिटपाखरू नव्हतं. तुम्ही म्हणालात, "उन्हात धुतलं का पाण्याचे डाग पडते रंगावर." खरंच पडतात. मी लगेच मान डोलावली. इतकं सोयीचं कारण तुम्ही माझ्या हातात ठेवलंत आणि मी निर्लज्जासारखं घेतलं. मॅडमनी पुढे ऑफिसात विचारलं, "वो तुम्हारा गाड़ी वाला भैया?" मी म्हटलं, गावाला गेला. असं मी तुम्हाला कामावरूनही काढून टाकलं.

तीन हिवाळ्यांनी तुम्ही गेलात. तेराव्याला काका आले होते, सगळे तुमच्या गाडी धुण्याच्या गोष्टी सांगत होते, हसत होते, रडत होते. कोणीतरी म्हणालं, तू सांग ना एखादी. आणि मी ती सांगितली. मॅडम आल्या, भैयाला गाडीवाला समजल्या, आणि मी, काय करावं मी, तिथल्या तिथे म्हटलं, "मैडम, ये मेरे पिताजी हैं!" आणि मॅडम कशा ओशाळल्या, हात जोडून माफी मागू लागल्या. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. धाकट्या काकाला तर हुंदका आवरेना. वर्षानुवर्षं मी ती गोष्ट सांगत आले, सांगता सांगता तिला पॉलिश चढत गेलं. नवऱ्याला सांगितली, शेजारणींना सांगितली. पोर तर ती मैत्रिणींना सांगते, "मेरी मम्मी ने सीधा बॉस को बोल दिया!" मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र हिंदीतच. यात तिचा काय दोष? दाराबाहेरची हिंदी मीच घरात आणली.

तर काल. तिनं मोबाइलवर बघून फेसाचं यंत्र मागवलंय, मऊ मऊ रंगीत कपडे मागवलेत, डॅशबोर्डला वेगळा, काचेला वेगळा. आताची गाडी पांढरी आहे. मी पाइप जोडत होते तेवढ्यात तिनं एक कपडा उचलला आणि कोरड्या बॉनेटवर फिरवला, सर्र. "काहून वं! डोळे फुटले काय तुहे?" माझ्याच तोंडून, मोठ्यांदा, अख्ख्या सोसायटीत. ती आधी दचकली, मग पोट धरून हसत सुटली. "मम्मी, ये कौन सी भाषा है! नाना ऐसे बोलते थे?" मी म्हटलं, हो. तिनं कपडा भिजवला, छपरापासून खाली पुसायला लागली आणि सहज विचारलं, "आप नाना को क्या बुलाती थीं? बाबा?"

भैया, मी म्हटलं, "हाँ. बाबा."

आज रविवारची दुपार. हे लिहायला बसले ते तुमच्यासाठी नाही, खरं सांगते. तिच्या हाती द्यावं म्हणून बसले, की वाच, गोष्ट अशी झाली होती. मराठी आहे, पण अडखळत वाचेल, समजेल तिला सगळं. आत्ता ती दारातून डोकावली. "मम्मी, क्या लिख रही हो इतनी देर से?"

"कुछ नहीं," मी म्हटलं, "ऑफिस का है." आणि कागदाच्या पहिल्या शब्दावर हात ठेवला.