घरची साखर, दारची साखर

४ मार्च, सकाळी

आजपासून नवा कारभार. डॉक्टरीणबाईंनी साखरेची नवी गोळी दिली आहे. चिठ्ठीवर लिहिलंय : सकाळी एक, जेवणाआधी. खाली : वजन कमी करा, चाला. लोक चिठ्ठी फक्त औषधवाल्याला दाखवतात. मी ती तीनदा वाचली.

गोळी आठला. नाश्ता बंद (वजन). ऑफिसला पायी (चाला). पहिलं जेवण दुपारी दोनला. म्हणजे गोळी जेवणाआधीच झाली. किती आधी, हे चिठ्ठीत लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही ते मना नाही, असा युक्तिवाद मी दुकानदारांच्या तोंडून रोज ऐकतो आणि दंड करतो. पण त्यांचा हेतू शुद्ध नसतो.

९ मार्च

अकरा वाजता साखर मोजायच्या मशीनवर बासष्ट! मागच्या महिन्यात दोनशेच्या घरात होती. साडूला फोन केला. त्याला मधुमेह माझ्याआधीपासून, त्यामुळे तो या विषयात स्वतःला सीनियर समजतो. त्याची आज एकशे एकेचाळीस. म्हणाला, मशीन बिघडलं असेल बुवा तुझं.

जळतो.

१० मार्च

तरी शंका आलीच. यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, यावर तर माझं पोट चालतं. वजनमापे निरीक्षक म्हणून मी गावभरचे तराजू तपासतो, मग स्वतःचं मशीन कसं सोडीन? ऑफिसात हेडक्लार्कचं बोट टोचलं, घरी हिचं आणि मुलीचं. हेडक्लार्क जेवणानंतर एकशे तीस, ही शंभर, मुलगी नव्वद. मुलगी म्हणाली, बाबा, घरात आता फक्त पाल उरलीय.

निष्कर्ष : मशीन इतरांच्या बाबतीत बरोबर आहे. माझ्या बाबतीत साखरच असामान्य शिस्तीत आहे.

संध्याकाळी हिने मशीनसोबतचं माहितीपत्रक वाचलं. (कुणी सांगितलं होतं?) सत्तरच्या खाली म्हणजे साखर कमी. घाम, थरथर, चिडचिड, डोकं चालेनासं होणं. ही म्हणाली, यातलं शेवटचं तुमचं जुनंच आहे, त्यामुळे कळणार कसं? मग गंभीर झाली. मुलीचा एकवीसला इंटरव्ह्यू आहे, पहिल्याच नोकरीचा, शेजारच्या शहरात. गाडीनं मी सोडणार. हिनं बजावलं की यापुढे एकदा जरी सत्तरच्या खाली दिसली, तर गाडीची किल्ली हिच्याकडे राहील. आणि उद्याच्या उद्या डॉक्टरला फोन करा.

११ मार्च

फोन केला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतील, नाश्ता करा. म्हणजे साखर वाढणार. म्हणजे साडू जिंकणार. रुग्णानं डॉक्टरचा वेळ वाया घालवू नये.

१२ मार्च

दुसरं मशीन घेतलं. ते ऑफिसच्या बॅगेत राहील. व्यवस्था अशी : सकाळी अकराला ऑफिसच्या मशीनवर मोजायचं, फोटो साडूला. दुपारी घरी जेवल्यावर घरच्या मशीनवर मोजायचं, आकडा हिला.

आज : दारची साखर अठ्ठावन्न. घरची एकशे अठरा.

हा खोटेपणा आहे का? रात्री जेवताना प्रामाणिकपणे विचार केला. दोन्ही आकडे खरे आहेत. मी फक्त ज्याला जो हवा तो देतो. नाही, खोटेपणा नाही.

१४ मार्च

एका घाऊक व्यापाऱ्याला पकडलं. मालाच्या खरेदीला एक वजन, विक्रीला दुसरं. वर मला सांगतो, साहेब, दोन्ही आपापल्या जागी बरोबरच आहेत. ताडताड बोललो त्याला. दोन मापं ठेवणारा माणूस जगाला नंतर फसवतो, आधी स्वतःला, असं म्हणालो. हेडक्लार्कला वाक्य इतकं आवडलं की त्यानं मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

दारची साखर छप्पन.

१७ मार्च, दुपारी साडेबारा

किराणावाल्याकडे तपासणी. अतिशय उद्धट काटा. वजनं ठेवली की पारडं थरथरतंय. नीट धरून पाहिलं, तरी थरथरतंय. आकडे धूसर. मला घाम फुटला (दुकानात पंखा नाही, म्हणजे होता, पण असून काय?). किराणावाला म्हणाला, साहेब, बसा जरा, सरबत घ्या. लाच! भर दुकानात! आवाज चढवला. एरवी तोंडातून न येणारा शब्दही गेला. लाल लेबल लावलं : तपासणीत नापास. दुरुस्ती व फेरतपासणीशिवाय वापरू नये.

दुपारी तीन

जेवलो. मन खात होतं म्हणून परत गेलो. आता काटा हूं की चूं करत नाही, ग्रॅमला ग्रॅम. एवढ्या वेळात पठ्ठ्यानं गुपचूप दुरुस्त करून घेतला! लेबल काढावं लागलं. या लोकांच्या हुशारीला सीमा नाही.

१९ मार्च

हल्ली ऑफिसात सगळे चिडखोर झालेत. हेडक्लार्क तर म्हणाला की अकरा ते दोनमध्ये तुमच्या टेबलाशी यायला भीती वाटते. म्हणजे वचक बसतोय.

साडूनं आज फोटोला उत्तर दिलं नाही. हरला.

२० मार्च

उद्या इंटरव्ह्यू. मुलीनं फाइल लावली, शर्टाला इस्त्री केली. तीन वेळा विचारलं, बाबा, नक्की ना? आईलाच कुणाची तरी गाडी बघायला सांगू का? मी म्हणालो, तुझा बाप आजवर कधी चुकीच्या मापानं वागलाय? ही स्वयंपाकघरातून म्हणाली, आधी फोन केला होतात का डॉक्टरला, ते सांगा. म्हणालो, लागला नाही. (न लावलेला फोन लागत नाही. विधान खरंच आहे.)

२१ मार्च, संध्याकाळ

सकाळी गोळी आठला. नाश्त्याची बशी हिनं समोर ठेवली होती. वाटेत खातो म्हणालो आणि फ्रीजवर ठेवून निघालो.

पुढचं मुलीच्या सांगण्यावरून लिहीत आहे.

शहराच्या तोंडाशी सिग्नलला गाडी थांबवली. दिवा हिरवा झाला. मी थांबलेलाच. मागून हॉर्न. पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. मुलगी म्हणाली, बाबा, चला ना. मी म्हणे सांगितलं की हा हिरवा प्रमाणित नाही. मग गाडी सोडली ती दुभाजकाकडे. तिनं हँडब्रेक ओढला. मागचा रिक्षावाला उतरून आला, मी त्याच्याकडे परवाना मागितला.

मला आठवतो तो फक्त तिचा चेहरा. लहानपणी पाण्यात पडली होती, तेव्हाचा.

ती माझ्या बॅगेत काही गोड आहे का शोधायला लागली. गोड नव्हतं, मशीन होतं. एकेचाळीस. रिक्षावाल्यानं पळत जाऊन संत्र्याचा रस आणला. अर्धा मी प्यायलो, अर्धा तिच्या इस्त्रीच्या शर्टावर. थोड्या वेळानं जरा माणसात आलो आणि पहिलं वाक्य बोललो : तीनदा मोजून सरासरी काढायला हवी.

ती रडायला लागली.

गाडी पुढे तिनं चालवली, नव्याच लायसन्सवर, हळूहळू. पोहोचेपर्यंत इंटरव्ह्यू संपत आले होते. शर्ट बघून इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी कारण विचारलं. मुलीनं खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, कळवू.

२२ मार्च

डॉक्टरीणबाई. दोन्ही मशीनं त्यांच्या टेबलावर, हिनं आपल्या हातानं ठेवलेली. बाईंनी दोन्हींतले आकडे पाहिले आणि विचारलं, हे दोन पेशंट कोण?

मग म्हणाल्या, ही गोळी साखर खाली ओढते. पोटात अन्न असो नसो, ती आपलं काम करते. वर तुम्ही चालता. बासष्ट ही शाबासकी नव्हती हो, ती हाक होती. गोळी निम्मी. आठला नाश्ता, गोळी नाश्त्याबरोबर. खिशात साखर कायम. सत्तरच्या खाली गेली की आधी गोड घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि मला फोन. मी सांगेपर्यंत गाडी नाही.

चिठ्ठीवर त्यांनी यावेळी "नाश्त्याबरोबर" खाली दोन रेघा मारल्या. मी म्हणालो, आधीच्या चिठ्ठीत एवढी स्पष्टता असती तर... हिनं माझ्याकडे पाहिलं.

२३ मार्च

साडू भेटायला आला. आल्या आल्या म्हणाला, एकशे छत्तीस! आणि गाडी स्वतः चालवत आलोय. जाताना मला गोळ्या-चॉकलेटांचा पुडा दिला. हिला म्हणाला, जपा यांना. एवढी कमी साखर असणारा माणूस आमच्या नात्यात दुसरा नाही.

२७ मार्च

मुलीला अजून कळवलेलं नाही. ती काही बोलत नाही. बोलली असती तर बरं.

सकाळी नाश्ता केला. एकशे बारा. कुणालाच फोटो पाठवला नाही.

ऑफिसला निघताना जुन्या सवयीनं किल्लीकडे हात गेला. किल्ली खुंटीवरच होती, पण तिला लाल लेबल चिकटवलेलं. आमच्याच खात्याचं, माझ्याच बॅगेतलं. रिकाम्या जागेत मुलीच्या अक्षरात "बाबा". तपासणीत नापास. दुरुस्ती व फेरतपासणीशिवाय वापरू नये.

असं लेबल परस्पर काढणं गुन्हा आहे. तशी शिक्षा मी स्वतः करवली आहे. म्हणून हात लावला नाही. खाली सहीची जागा असते, तिथे हिची सही होती. नियमानुसार फेरतपासणीचा अर्ज सही करणाऱ्या अधिकाऱ्याकडेच करावा लागतो.

अधिकारी आंघोळीला गेली होती. दाराबाहेर उभा राहून विचारलं. आतून उत्तर आलं, कळवू.