उपवासाच्या दिवशीची गोळी

कोल्हापूर, २० ऑगस्ट २००४

तीर्थरूप आईस उर्वशीचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होते. फार्मसीच्या प्रवेशाआधी वर्षभर औषधांच्या दुकानात काम करण्याचा निर्णय फार योग्य ठरला. रोज किती नवे कळते! तुझे गुडघे कसे आहेत?

परवा मालकांनी मधुमेहाच्या गोळीचे कार्य समजावले. ती रक्तातील साखर उतरवते. पोट रिकामे असेल तर साखर फारच उतरते. घाम फुटतो, हात कापतात, शुद्ध हरपते.

गेल्या नारळीपौर्णिमेला, समुद्राला नारळ देईपर्यंत बाबांचा कडक उपवास होता. "उपास आसलो तरी गोळी चुकवू नकात हां," म्हणत तू ती त्यांच्या हातावर ठेवलीस. तासाभराने ते होडीतून पडले. "दर्यान न्हेल्यान," असे तू सर्वांना सांगतेस. ते चूक आहे. आधी साखर उतरली, मग तोल गेला.

लवूकाकांनाही मधुमेह, म्हणून उरलेल्या गोळ्या त्यांना दिल्याचे तू लिहिलेस. यंदा उपवास करून नारळ तेच देणार. पत्र मिळताच गोळ्या परत आण. काकी कारण विचारील. बाबा कशाने गेले, ते तिला तूच सांग.

तुझी,
उर्वशी