आदेशात एकच नाव

३ जुलै
तिकिटं आली! आमच्या नवरोबांनी, महदने, मला न विचारता काढली. स्वतःचं आणि धाकटीचं, इलवादचं, सोमालियातल्या आमच्या गावी, हर्गेसाला. वर मलाच विचारतो, "खूश ना?"

सासूबाई तिकडून फोनवर जोरात. "बकरं सांगून ठेवलंय. तुझ्या दिराच्या दोघी आणि आपली, तिघींची सुंता एकदमच उरकू. आठ वर्षांची घोडी झाली, अजून तशीच! दार सताड उघडं टाकून कुणी झोपतं का गं?"

मी म्हटलं, "बरं आई." दुसरं काय म्हणणार?

५ जुलै
थोरलीचं, लदनचं, तिकडेच झालं. आम्ही ब्रिस्टलला यायच्या आधी. पंधरा वर्षांची पोर, पण दर महिन्याला पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून कण्हत पडते. आज शाळा बुडाली. विचारत होती, "आई, इलवादचंही करणार?" मी तव्यावरचं बघत राहिले.

८ जुलै
पोलिसांना फोन केला! कामावरच्या बाथरूममधून. माझं नाव कुणाला कळू देऊ नका म्हटलं.

१२ जुलै
दारात दोन पोलीस बायका. कोर्टाचा आदेश — इलवादला देशाबाहेर न्यायचं नाही, न्यायचा प्रयत्न केला तरी तुरुंग. तिचा पासपोर्ट घेऊन गेल्या. मी कपाळावर हात मारून घेतला, चार अश्रूही काढले. काय नाटक! आतून नाचावंसं वाटत होतं.

१३ जुलै
नणंद कल्तुन सकाळीच हजर. "घरातलंच कुणीतरी फितूर आहे." सगळ्यांचे डोळे लदनवर. मागे एकदा ती या विषयावर वर्गात बोलली होती, तेवढं पुरलं. महदने तिच्या मुस्काटात मारली. "बाबा, शपथ, मी नाही केलं!"

मी चहात साखर ढवळत होते. तोंड उघडलं असतं तर तलाक. आणि आमच्यात मुली बापाकडे जातात, म्हणजे सासूबाईंकडेच. अशी मनाची समजूत घातली. भित्री मेली!

२१ जुलै
महद लदनशी गोड बोलतोय. तिला नवा फोन आणला. पोरगी हसली, खूप दिवसांनी. निवळलं म्हणायचं.

२४ जुलै
कामावरून आले तर लदन नाही. महद नाही. तिचा पासपोर्टही नाही.

कल्तुन पाय पसरून बसली होती. "वळण लावायला नेलीय. आजीपाशी राहील, मग लग्न. इकडे बिघडलेली पोरं आपण अशीच ताळ्यावर आणतो ना? रडतेस काय!"

पोलिसांकडे धावले. तिथली बाई म्हणाली, आदेश धाकटीचा आहे. मोठीसाठी नवा अर्ज करता येईल, पण विमान तर सुटलं.

मोठीसाठी मी मागितलंच नव्हतं काही. तिचं होऊन गेलं होतं ना! आता तिला कशाचं भय, असं वाटलं. आईला असं वाटलं!

२६ जुलै
महदला फोनवर सांगून टाकलं, "पोलिसांना मीच कळवलं होतं. लदनचा काही दोष नाही. तिला परत आण."

तो म्हणाला, "माहीत होतं मला."