शेवट पडद्यावरच पाहा

४ जानेवारी
नव्या वर्षाची उद्दिष्टं लिहून द्या — संपादकांचा हुकूम! त्यासाठी ऑफिसात प्रशिक्षक आणलाय. कानाला माइक, पायात पांढरे बूट. ‘दहा हजार तास द्या, कुठल्याही कलेवर प्रभुत्व येतंच!’ मी मागे बसून बावीस वर्षांतल्या चित्रपटांचे तास मोजले. मग निम्मे वजा केले. मध्यंतरानंतरचं मी काही पाहिलेलंच नाही.

दोष माझा नाही, घड्याळाचा. गुरुवारी एकचा खेळ, मध्यंतर सव्वादोनला, मजकूर चारला. मध्यंतरात उठलं तरच जमतं. म्हणून तर माझ्या चित्रपट-परीक्षणाच्या सदराच्या शेवटी ते वाक्य — ‘शेवट मात्र पडद्यावरच पाहा.’ वाचक म्हणतात, काय संयम! शेवट कधी फोडत नाही! फोडणार कसा?

उद्दिष्टं लिहिली. एक, विषयावर प्रभुत्व. दोन, सात किलो कमी. तीन, एक तरी चित्रपट पुरता पाहणे. तिसरं खोडलं. कागद संपादकांकडे जायचा होता.

९ जानेवारी
बेकरीवाल्या म्हाताऱ्या जोडप्याचा चित्रपट. तो पाव करपवतो, ती गिऱ्हाइकांसमोर त्याला झापते, तो पिठाच्या हातांनी तिचा चष्मा पुसून देतो आणि आणखी घाण करतो. हसून हसून पोट दुखलं. मध्यंतरात उठायचं खरंच जिवावर आलं.

बायको म्हणाली, ‘अहो, साऱ्या गावाला चित्रपट सांगता, ताईंना सांगा की एखादा.’ भाऊजी गेल्यापासून आठ महिने ताई घराबाहेर पडलेली नाही. फोन केला.

‘ताई, डोळे मिटून जा. हसत बाहेर पडशील.’

‘डोळे मिटून चित्रपट कसा बघू रे छोट्या?’ — पण आवाजात हसू होतं. ‘तू म्हणतोस तर जाते.’

सदरातही तेच लिहिलं. इतकं मनापासून फार वर्षांत लिहिलं नव्हतं.

१२ जानेवारी
ताई चित्रपटाला गेली! शेजारच्या मावशींबरोबर. बायकोने न मागता दुसरा चहा दिला.

१३ जानेवारी
आमचा फोटोग्राफर घरच्यांना घेऊन जाऊन आला. ‘तुम्ही पण कमाल करता! हसत बाहेर पडाल म्हणे! मध्यंतरानंतर म्हातारा अंथरूण धरतो. इस्पितळ, नळ्या, सगळं. तासभर! माझी आई अजून रडतेय.’

मी म्हटलं, ‘त्या रडण्यातही एक हसू आहे.’

‘वा! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.’

बावीस वर्षांचा सराव. तोंड आपोआप चालतं.

भाऊजींचे घरातले ते शेवटचे चाळीस दिवस. त्याही नळ्याच. ताई स्टुलावर, त्यांच्या उशाशी. आणि मी तिला तिकीट काढून पुन्हा तिथेच पाठवलं.

दुपारी फोन केला. उचलला नाही.

१४ जानेवारी
दुपारी तीनदा फोन. नाही.

एका महाविद्यालयाचं पत्र — ‘रसास्वादातील प्रभुत्व’ या विषयावर बोला. मानधन नाही, पुष्पगुच्छ आहे.

१५ जानेवारी
ताईच्या दाराला कुलूप. मावशी म्हणाल्या, ‘रोज दुपारी एकट्याच जातात कुठेतरी. विचारलं तर नुसत्या हसतात.’

काय करावं सुचेना. निदान तिला काय बघायला लावलं ते तरी बघावं, म्हणून थिएटरवर गेलो. पोचलो तर मध्यंतर. डोअरकीपर म्हणाला, ‘साहेब, चुकलात! ही तर तुमची बाहेर पडायची वेळ.’

म्हणजे यालाही माहीत!

आणि त्याच दारातून ताई बाहेर आली. खांद्याला पर्स, केस नीट विंचरलेले.

‘ताई, माफ कर गं. मला ठाऊक नव्हतं, पुढे —’

‘तुला पुढचं कधीच ठाऊक नसतं. तुझे भाऊजी पहिल्या वर्षीच म्हणाले होते, हा अर्ध्यावर उठतो.’

‘आणि तू? रोज इथे?’

‘पहिला भाग बघते. तो पिठाच्या हातांनी चष्मा पुसतो ना, तेवढ्यासाठी. हेसुद्धा अस्सेच पुसायचे, भाजीच्या हातांनी.’ पर्स सारखी केली. ‘मग उठते. पुढचं रविवारी बघितलं. त्याआधी घरी बघितलं होतं.’

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाक्य सुचलं नाही.

तिनेच पाठीवर हात ठेवून आत ढकललं. ‘जा. तुझा राहिलाय.’

१६ जानेवारी
नवा चित्रपट. मध्यंतरात उठलो नाही. चारचा मजकूर गेला नाही. संपादकांचे सात फोन! त्यांच्या आधी ताईला फोन लावला आणि शेवट सांगून टाकला, सगळाच्या सगळा.

‘बरं,’ म्हणाली. ‘मग हा पुरता बघू. रविवारची दोन तिकिटं काढ.’