रंगाआधी वाचून घ्यावे

मी, खाली सही करणारी, पाट्या रंगवून पोट भरलेली बाई, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण त्याचा डोक्याशी संबंध जोडू नये. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मुलगा दोनदा म्हणाला, "आई, एवढ्यात कशाला?" याआधी मी कोणाला तोंडी काही देऊ केले असेल तर ते रद्द समजावे, रागाच्या भरात मी बऱ्याच जणांना बरेच काही देऊन टाकले आहे.

कलम पहिले, घर. वरचा मजला मुलाने स्वतःच्या पगारातून बांधला, तो त्याचाच. मुलगा कॉलेजात भाषा शिकवतो. त्याच्या पदवीने आमच्या डोक्यावर स्लॅब आणला, हे मी कधी नाकारले नाही. खालच्या दोन खोल्या आणि माझ्या बांगड्या सुनेला. गेले वर्षभर ती या घरात निरोप्याचे काम करते आहे. एकाच टेबलावर जेवताना बाप म्हणतो, "तिला सांग, दिवा बंद करायला," आणि लेक म्हणते, "त्यांना सांग, केलाय." मी सून असते तर दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली असती.

हा अबोला कशाचा, तेही इथे नोंदवते. नातीने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडले आणि माझ्या दुकानात येऊन ब्रश धरला. मुलगा म्हणाला, "आधी पदवी घे, मग हवं ते रंगव."

"तोवर आजीचा हात थांबेल का?"

"आणि मी लोकांना काय सांगू? प्राध्यापकाची मुलगी पाट्या रंगवते?"

"सांगा, आजीवर गेली."

त्या दिवसापासून दोघे बोलत नाहीत. माझा जीव यातच अडकला आहे, आणि खरे सांगायचे तर हे सगळे लिहिणे त्यासाठीच आहे.

कलम दुसरे. माझी जुनी लाकडी शिडी थोरल्या दिरांना द्यावी. मी पहिल्यांदा तिच्यावर चढले तेव्हा ते भर रस्त्यात म्हणाले होते की सुनेने घराण्याची अब्रू वर टांगली. त्याच टांगलेल्या अब्रूच्या कमाईवर पुढे त्यांच्या दोन मुलींची लग्ने झाली. शिडी चढायला देत नाही, तिच्या दोन पायऱ्या गेल्या आहेत. नुसती समोर ठेवून बघत बसावे.

कलम तिसरे, दुकान. याचा निकाल नीट कळावा म्हणून आधी थोडे आमच्या ह्यांच्याविषयी. हे बी.ए. होते. गल्लीत पहिले. पदवीला शोभेल अशी खुर्ची मिळेना आणि मिळेल त्या खुर्चीवर बसवेना. हाताला रंग लागतो म्हणून वडिलांचा ब्रशही धरला नाही. शेवटी सासऱ्यांनी कंटाळून तो माझ्या हातात दिला. लोक मला म्हणत, "नवरा शिकलेला, बायको कमावती." मीही बरीच वर्षे तसेच म्हटले, आणि ह्यांना ऐकू जाईल असे म्हटले.

पण प्रत्येक पाटीवर आधी खडूने मजकूर लिहायचे ते हे. मी त्यावरून रंग फिरवायची. एकदा हे तापाने पडले होते आणि मुलींच्या वसतिगृहाची पाटी मी एकटीने केली. 'विद्यार्थीनी' असे झोकात रंगवले, थीला दुसरी वेलांटी, वर सोनेरी कड. मुलींनी फाटकापाशी उभे राहून हसून घेतले. मी रॉकेलने सगळी पाटी पुसली आणि फुकटात पुन्हा केली. घरी आल्यावर ह्यांनी अंथरुणातूनच विचारले, "मला उठवलं का नाहीस?" मी खडूचा डबा त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला. त्यानंतर ह्यांच्या बी.ए.ला मी कधी नावे ठेवली नाहीत.

तेव्हा दुकान, ब्रश, रंग आणि गिऱ्हाइके, सर्व अर्धे मुलाला, अर्धे नातीला. एकाच्या सहीने ते विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, बंदही करता येणार नाही. नातीचा हात माझ्यापेक्षा सरस आहे. शुद्धलेखनाच्या नावाने मात्र आनंद आहे. म्हणून कोणतीही पाटी रंगवण्याआधी मुलाने दुकानात स्वतः येऊन वाचावी. फोनवर फोटो मागवलेला चालणार नाही. तो येणार नाही म्हणाला, तर त्याचा वाटा नातीचा. तिने न दाखवता रंगवले, तर तिचा वाटा त्याचा. फ्लेक्स आल्यापासून काम निम्म्यावर आले आहे, हे नातीपासून मी लपवलेले नाही. काचेवरची आणि लाकडावरची कामे अजून येतात. एका माणसाचे पोट भरते, चैन होत नाही.

कलम चौथे. बँकेतली ठेव नातीची. कॉलेजात परत जावेसे वाटले तर त्यातून फी भरावी, नाही वाटले तर रंग आणावेत. दोन्हींत मला सारखाच आनंद आहे, आणि हे मुलाला पटले नाही तरी चालेल.

कलम पाचवे व शेवटचे. दुकानाच्या नव्या पाटीवर नातीने खडूने लिहिले आहे, 'येथे पाट्या रंगवून मिळतिल'. 'मिळतील'च्या तीला तिने पहिली वेलांटी दिली आहे. मला ती दिसली, पण मी तिला सांगितले नाही. मी गेल्यावर सुनेने एवढेच करावे, मुलाला त्या पाटीसमोर आणून उभे करावे आणि आपण बाहेर जावे. अबोला तो आणखी दहा वर्षे धरेल, एवढा हट्टी आहे. पण चुकलेली वेलांटी बघून गप्प बसणे त्याच्याच्याने होणार नाही. मी त्याची आई आहे, मला माहीत आहे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी सुनेने करावी.

हे सर्व मला वाचून दाखवले, पटले, म्हणून सही केली.

(सही) पाटीवाली
ठिकाण: दुकान, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ जानेवारी

आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली. बाईंचे चित्त स्थिर आहे.
साक्षीदार: १. शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर (सही)
२. समोरचा कुलूपवाला (सही)