डाव्या बाजूची सुई

शुक्रवार पेठ, सोलापूर
८ डिसेंबर

अतीकभाई,

सलाम. घरी सगळे बरे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद काळा करतोय. अक्कलकोटला राहून कन्नड यायला लागलं का? मी मधे ट्रकवर बसून विजापूरला जाऊन आलो, काम काहीच नव्हतं. ते जाऊ दे.

तितली पळाली की घोडीच्या घशातून करवतीसारखा आवाज येतो. वरातीला नेणं बंद केलंय. काल घोड्यांच्या डॉक्टर वैजयंती मॅडम आल्या. तिला गोल पळवून ऐकलं. मग गळ्याला बोटं लावून पाठीवर थापा मारल्या. थाप बसली की आतला स्नायू हलायला पाहिजे म्हणे. डावीकडचा हललाच नाही. नाकातून कॅमेऱ्याची नळी घातली, तर स्क्रीनवर दिसलं की घशाची उजवी झडप उघडतीय, डावी नुसती लोंबतीय. झडप हलवणारी नस गेलीय म्हणाल्या.

आणि तितलीचं नाक कुठं, तर खुंटीवरच्या तुझ्या स्वेटरला. चारा मी घालतो, लीद मी काढतो. एकदा तो स्वेटर फेकून दिला, तर दोन वेळा चारा सोडला हिनं. परत आणून टांगला.

मॅडमनी विचारलं, "मानेत डावीकडं सुई कुणी दिली? औषध शिरेबाहेर गेलं की शेजारची नस मरते."

"थोरल्यानं," अब्बा म्हणाले. "म्हणून तर हाकलला."

मी शेंगा खात उभा होतो. खातच राहिलो.

ती सुई माझी, भाई. त्या रात्री तितलीचं पोट दुखत होतं, तू करकंबला गेलेला. अब्बा म्हणाले, अतीक येऊ दे, त्याचा हात हलका हाय. तुझाच का? ते नमाजला गेले आणि मी तुझी औषधाची पेटी उघडून डावीकडं टोचली. नंतर तू येऊन उजवीकडं दिलीस. सकाळी मान सुजली ती डावीकडं. मी तिथं दिलीच नाही, असं तू किती सांगत होतास. अब्बांनी ऐकलं नाही. मला लई बरं वाटलं होतं तेव्हा.

इथपर्यंतचं आज अब्बांना वाचून दाखवलं. वाटलं, मारतील. त्यांनी उठून चपला घातल्या. "अक्कलकोटची एसटी कितीला हाय?" एवढंच. मला एक शिवीसुद्धा नाही. चूक माझी, आणि निघाले तुझ्याकडं.

पत्र त्यांच्याच हाती देतोय, दाराखालून आत सरकवतील. दार उघड.

अजून तुझ्यावर जळणारा,
एजाज